बहिणीचे खासगी फोटो तिच्या एक्सने टेलिग्रामवर टाकलेत, आत्ता रात्री आधी काय करू?

धाकटीची_ताई, रात्री १:४०

नमस्कार, मुद्दाम नवीन आयडी काढून लिहितेय, नावगाव विचारू नका प्लीज. माझी सख्खी धाकटी बहीण, वय २१, पुण्यात पीजीमध्ये राहून एमएस्सी करते. दोन वर्षं तिचं एका मुलाशी होतं, आमच्याच तालुक्यातला, घरी कुणाला माहीत नव्हतं. दिवाळीनंतर तिने तोडलं. तेव्हापासून तो अधूनमधून मेसेज करायचा, परत ये नाहीतर बघ वगैरे, तिला वाटलं राग आहे, निवळेल. आज संध्याकाळी वर्गातल्या मैत्रिणीने तिला लिंक पाठवली, टेलिग्रामवरचं एक चॅनल, त्यात हिचे दोन फोटो आणि खाली पूर्ण नाव आणि कॉलेजचं नाव. एक फोटो तिनेच कधीतरी त्याला पाठवलेला. दुसरा त्याने कधी काढला हे तिला माहीतच नाही, ती झोपलेली आहे त्यात.

शिवाय इन्स्टावर तिच्या नावाचं खोटं अकाउंट, डीपीला तिचाच साधा फोटो, बायोमध्ये त्या चॅनलची लिंक. आणि रात्री साडेनऊला त्याचा व्हॉट्सअॅप, "एकदा भेट, सगळं डिलीट करतो."

मी वाशीला राहते, मेसेज आल्या आल्या निघाले आणि आत्ता तिच्या रूमवर आहे. ती शेजारी भिंतीकडे तोंड करून पडलीय, झोपलेली नाहीये, जेवलीही नाही. मघाशी सिम तोडते, फोन फॉरमॅट मारते म्हणत होती, मी कसाबसा हातातून काढून घेतला. तिचं स्वतःचं इन्स्टा तिने ऑलरेडी डिलीटला टाकलंय.

आईबाबा गावी आहेत, बाबांना बीपी आहे. मोठ्या मामांना सांगावं असं सारखं मनात येतंय कारण त्या मुलाच्या गावात मामांचा शब्द चालतो, पण मामांना कळलं की हिचं कॉलेज बंद आणि महिन्याभरात स्थळं सुरू हे मला पक्कं माहितीये. पोलिसात गेलं तर फोटो तूच पाठवलास म्हणून हिलाच आत घेतील असं तो तिला आधी बोललाय, ते खरं आहे का? तिने त्याला भेटून विषय संपवावा का? मला काहीच सुचत नाहीये, कोणी जागं असेल तर सांगा.

पारिजात_दारातला, रात्री १:५८

ताई जागी आहे मी. २०१९ ला मी यातून गेलेय म्हणून आधी आजच्या रात्रीचं लिहिते, कायद्याचं सकाळी कोणीतरी नीट सांगेलच.

भेटायला अजिबात जायचं नाही. ना तिने, ना तुम्ही, ना तुमच्या मिस्टरांनी. "एकदा भेट" म्हणजे फोटो त्याच्या हातात आहेत तोवर तो जे म्हणेल ते, आणि भेटून आल्यावर दुसऱ्यांदा भेट म्हणतो, मी गेले होते म्हणून सांगतेय. पैसे मागितले तरी द्यायचे नाहीत, एकदा दिले की त्याला कळतं इथून पैसे येतात.

आणि आज तिला एकटं सोडू नका. माझ्या वेळी दादाने मला एक प्रश्न विचारला नाही. का पाठवलेस, कधीपासून चालू होतं, काही नाही. फक्त पहाटे कधीतरी उठून बाथरूमच्या आतल्या कडीचे स्क्रू काढून ठेवले आणि बाहेर पॅसेजमध्ये चटई टाकून झोपला. सकाळी कडी नाही बघून मला इतका राग आला होता, आणि आज तेच आठवून रडू येतं. तुम्ही पण आज दाराजवळ झोपा. ती मरायच्या गोष्टी करत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात, तिला नको असेल तर तुम्ही स्वतः लावा आणि काय बोलू विचारा. आणि तिने जिवाला काही करायचा प्रयत्न केला किंवा तसं वाटलं तर ११२.

फोन काढून घेतलात ते बरोबरच केलंत कारण फॉरमॅट मारला असता तर सगळं गेलं असतं, पण आता तो तिला दाखवून, तिला विचारून ठेवा. "पुरावा आहे, आपण दोघी मिळून जपू" असं म्हणा. तिच्या अंगावरची गोष्ट कुणीतरी न विचारता घेतलीय, त्यात आपल्याच माणसाने अजून एक गोष्ट न विचारता घेतली की फार लागतं. मामांना सांगायचं की नाही, पोलिसात कधी जायचं, हे सगळं तिच्याशी बोलून ठरवा. आज थोडं दूध तरी प्यायला द्या तिला.

सर्व्हररूम, रात्री २:२५

ताई मी आयटीत आहे, दोन मैत्रिणींच्या वेळी हे सगळं बसून केलंय, म्हणून क्रम सांगतो कारण इथे क्रम चुकला की नंतर त्रास होतो. रिपोर्ट मारायची घाई नको, आधी पुरावा. रिपोर्ट मारला आणि अकाउंट उडालं तर चांगलंच आहे पण तुमच्या हातात काही उरत नाही, आणि त्याला ब्लॉक पण आत्ता करू नका, म्यूट करा, रिप्लाय काहीही देऊ नका. व्हॉट्सअॅपवर डिसअपिअरिंग मेसेज चालू असतील तर लगेच बंद करा आणि तो साडेनऊचा मेसेज सगळ्यात पहिला स्क्रीनशॉट करा, वर नंबर दिसला पाहिजे, सेव्ह केलेलं नाव नाही, म्हणजे प्रोफाइल उघडून नंबरसकट वेगळा घ्या. तो उद्या "डिलीट फॉर एव्हरीवन" करेल, वेळ संपायच्या आत तो करू शकतो.

मग टेलिग्राम. चॅनलचं नाव, त्याचं ॲटवालं युजरनेम, मेंबर किती दिसतायत ते, आणि फोटोवर दाबून कॉपी लिंक करा, पब्लिक चॅनल असेल तर प्रत्येक पोस्टला वेगळी लिंक असते, शेवटी नंबर असतो. तीच लिंक लागते, नुसता स्क्रीनशॉट देऊन "हे काढा" म्हटलं तर समोरचा शोधत बसत नाही. युजरनेम तो बदलू शकतो म्हणून दुसऱ्या फोनने व्हिडिओ काढा, की ही चॅनल उघडली, ही पोस्ट, ही तारीख, घड्याळ दिसतंय. इन्स्टाच्या खोट्या अकाउंटचं पण तसंच, प्रोफाइलची लिंक कॉपी, बायोचा स्क्रीनशॉट. मैत्रिणीने लिंक पाठवली तो मेसेज पण ठेवा, तिला सांगा डिलीट करू नको आणि पुढे कुणाला दाखवू नको. हे सगळं एका कागदावर लिहा, तारीख, वेळ, लिंक, कोणी बघितलं. फोटो मात्र कुणालाही फॉरवर्ड करायचा नाही, नवऱ्याला, वकिलाला, कुणालाच, "बघ काय केलंय त्याने" म्हणून पण नाही.

हे झालं की रिपोर्ट. इन्स्टावर दोन वेगळे रिपोर्ट जातात, एक माझ्या नावाने खोटं अकाउंट आणि दुसरा नग्नता/खासगी फोटो परवानगीशिवाय, दोन्ही करा. टेलिग्रामला पोस्टवरच रिपोर्ट आहे आणि चॅनलचा वेगळा. नुसता ॲपमधला रिपोर्ट करून थांबू नका, तक्रार अधिकारी म्हणून प्रत्येक कंपनीला इंडियासाठी एक माणूस नेमावा लागतो, त्याचा ईमेल त्यांच्या साइटवर असतो, त्याला मेल टाका. २०२१ च्या आयटी नियमांत कलम ३(२)(ब) आहे, नग्न किंवा अर्धनग्न फोटो, किंवा मॉर्फ केलेला, बाईने स्वतः किंवा तिच्या वतीने कुणीही तक्रार केली की २४ तासांत काढायचा असं त्यात आधी होतं, फेब्रुवारी २०२६ पासून ते २ तासांवर आणलंय, तो कलम नंबर मेलमध्ये लिहा, फरक पडतो. तिच्या वतीने तुम्ही करू शकता, तिला ते परत परत उघडून बघायला लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि बऱ्याच लोकांना माहीत नसलेलं. स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग म्हणून साइट आहे, युकेच्या रिव्हेंज पॉर्न हेल्पलाइनवाल्यांची, २०२१ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. त्यात फोटो अपलोड होत नाही. परत लिहितो, फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, फोनवरच त्या फोटोचा एक आकडा तयार होतो, बोटाच्या ठशासारखा, आणि फक्त तो आकडा फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट अशा सामील कंपन्यांकडे जातो. मग तो फोटो तिथे कुणी टाकला की जुळतो आणि ते बघून काढतात. जो फोटो तिनेच पाठवला होता तो तिच्या गॅलरीत असेल, त्याचा आत्ता रात्रीच करा. दुसरा चॅनलवरून सेव्ह करूनच करावा लागेल, पण तो सेव्ह तिच्याच फोनमध्ये करायचा. फोटो कापलेला, वर नाव लिहिलेला असेल तर ठसा बदलू शकतो, म्हणून जितकी व्हर्जन सापडतील तितक्यांचा वेगवेगळा करा. शेवटी एक केस नंबर आणि पिन देतात, पिन हरवला की परत मिळत नाही, कागदावर लिहा. यात व्हॉट्सअॅपच्या खासगी ग्रुपमधलं येत नाही, आणि जे सामील नाहीत त्यांना वेगळं लिहावंच लागतं, एवढं मनाशी ठेवा म्हणजे निराशा होत नाही. ही साइट १८ च्या वरच्यांसाठी, वाचणाऱ्यांमध्ये कुणाचं मूल १८ च्या आत असेल तर त्यांच्यासाठी टेक इट डाऊन म्हणून वेगळी आहे.

गुगलवर तिचं नाव टाकून इन्कॉग्निटोमध्ये बघा, काही येत असेल तर गुगलचा फॉर्म आहे खासगी फोटो सर्चमधून काढायचा. त्याने साइटवरून जात नाही, सर्चमधून जातं, पण नाव टाकून शोधणाऱ्याला सापडत नाही हे पण खूप आहे.

आणि तिचं इन्स्टा डिलीटला टाकलंय म्हणालात, ३० दिवसांच्या आत लॉगिन केलं की परत येतं. परत आणा. त्याच्या धमक्या डीएममध्ये असतील तर त्या तिथेच आहेत.

बांधावरचा_माणूस, सकाळी ७:१०

बाळ, वाचून रात्रीपासून... म्हणजे सकाळीच वाचलं पण जीव गलबलला. मी साठीचा माणूस आहे, मला दोन मुली. राग मानू नको पण एक सांगतो. पोलीस स्टेशनची पायरी चढली की गावभर होतं, तालुक्यात लपत नाही काही. तुझे मामा वजनदार आहेत म्हणतेस तर त्यांना आणि अजून दोन समजूतदार लोकांना घेऊन मुलाच्या बापाकडे जा, त्याचा फोन समोर ठेवून घ्या, सगळं डिलीट करून घ्या, लेखी घ्या त्याच्याकडून. बापाला अब्रू असेल तर तो पोराला सरळ करेल. बहिणीला काही दिवस गावी न्या. काळजीपोटी लिहितोय, मुलीचं पुढं लग्न व्हायचंय.

जिल्हाकोर्ट_पायरी, सकाळी ८:४५

मी वकील आहे, जिल्हा न्यायालयात अठरा वर्षं झाली. आधी काकांना सांगते कारण असाच सल्ला दर वेळी घरातून येतो आणि प्रेमानेच येतो. काका, अशा बैठकीनंतर माझ्याकडे आलेल्या केसेस मी हाताळल्यात. फोन समोर ठेवून डिलीट केलं म्हणजे काय केलं, तर मुलीच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा आपणच आपल्या हाताने पुसला. त्याच्या गुगल ड्राइव्हवर, मित्राच्या फोनवर, लॅपटॉपवर कॉपी तशीच राहते. लेखी कागद घेतला की त्यात मुलीच्या नावासकट सगळं लिहिलेलं असतं आणि तो कागद चार घरांत फिरतो. आणि बैठकीला जे दहा लोक बसतात त्या दहा जणांना काल माहीत नसलेली गोष्ट आज माहीत होते. गावभर होतं ते तिथून होतं. पोलिसांकडे फोन जप्त करून फॉरेन्सिकला पाठवायचा अधिकार आहे, डिलीट केलेलं शोधायची सोय आहे, मामांकडे यातलं काही नाही.

आता ताई तुमचा मुख्य प्रश्न, हिलाच आत घेतील का. नाही. हे तो तिला घाबरवायला बोलला. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ बघा, १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्याआधी हेच आयपीसीत ३५४ क होतं, २०१३ ला आलेलं. त्याच्या स्पष्टीकरणात शब्दशः हीच परिस्थिती आहे, बाईने फोटो काढू द्यायला संमती दिली असेल पण तो तिसऱ्या माणसाला दाखवायला दिली नसेल, तर तो पसरवणं हा गुन्हा. म्हणजे तिने पाठवलेला पहिला फोटो त्याने पसरवला हा गुन्हा आणि झोपेत काढलेला दुसरा तर काढला तिथेच गुन्हा. पहिल्यांदा दोषी ठरला तर १ ते ३ वर्षं, परत केलं तर ३ ते ७. सोबत आयटी ॲक्टचं ६६ ई, म्हणजे खासगी अंगाचे फोटो संमतीशिवाय काढणं-पसरवणं, आणि फोटोचं स्वरूप बघून अश्लील मजकुराचं ६७ किंवा ६७ अ, ६७ अ ला पहिल्यांदाच ५ वर्षांपर्यंत आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. "भेट नाहीतर" ही धमकी, ते कलम वेगळं, नकोसे मेसेज करत राहणं म्हणजे पाठलाग, कलम ७८. खोटं अकाउंट ६६ ड मध्ये बसवता येतं. कुठलं लावायचं ते पोलीस आणि आम्ही बघू, तुम्ही घडलं ते तारखेनुसार लिहा फक्त. आणि हे नुसतं पुस्तकात नाहीये, २०१८ ला पश्चिम बंगालमध्ये तमलुकच्या कोर्टाने अशाच प्रकरणात, मुलीने संबंध तोडला म्हणून फोटो टाकले होते, मुलाला ५ वर्षांची शिक्षा दिली.

तक्रार कुठे करायची, तर जवळच्या कुठल्याही पोलीस स्टेशनला. "मुलगा त्या तालुक्यातला, तिकडे जा" म्हणाले तर झिरो एफआयआर म्हणायचं, हद्द कुठलीही असली तरी नोंदवायला लागतो आणि मग ते पाठवतात. पुण्यातच करा, गावी जायची गरज नाही, काकांची काळजी पण त्याने मिटते. कलम ७७ च्या तक्रारीत मुलीचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असं बीएनएसएसच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ मध्ये लिहिलंय, महिला अधिकारी नाही म्हणाले तर येईपर्यंत थांबतो म्हणा. त्याआधी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर महिला आणि बालकांच्या विभागात तक्रार टाका, तिथे नाव न देता पण करता येते पण त्याचा पाठपुरावा करता येत नाही, म्हणून नाव देऊन करा, ॲक्नॉलेजमेंट नंबर मिळतो तो स्टेशनला सोबत न्या. १९३० हा नंबर आहे पण तो मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी, यासाठी पोर्टल बरं.

एक छोटी गोष्ट जी कोणी सांगत नाही. स्टेशनला स्क्रीनशॉटच्या प्रिंट मागतात, आणि घाबरलेल्या मुली कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन त्याच्या व्हॉट्सअॅपला ते फोटो पाठवून प्रिंट काढतात. एका मुलीचे फोटो दुसऱ्यांदा पसरले ते तिथूनच. प्रिंट फक्त चॅटच्या आणि लिंकांच्या यादीच्या काढा, त्या पण कुणाच्या घरच्या प्रिंटरवर. फोटो पेनड्राइव्हमध्ये टाका, पाकीट बंद करा, वर सही करा आणि जबाबात लिहून घ्या की बंद पाकिटात पेनड्राइव्ह दिला. मूळ फोन जपा, पुढे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं तेव्हा तो फोन लागतो.

ड्युटीवरचा कोणी "काढलेच कशाला असले फोटो" म्हणणार, मी आधीच सांगून ठेवते म्हणजे तिथे कोसळणार नाही ती. त्याचं उत्तर द्यायचं नाही. तुम्ही शेजारी बसा आणि म्हणा, साहेब, ज्याने पसरवले त्याच्याबद्दल तक्रार आहे. वकिलाची फी जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, १५१०० ला फोन करा.

बांधावरचा_माणूस, सकाळी ९:३०

मॅडम, बैठकीनंतर कागद फिरतो हे खरं आहे, आमच्या भावकीत फिरलाय तो. पण तक्रारच घेतली नाही तर? उद्या या, साहेब बंदोबस्ताला गेलेत, हे आम्ही आयुष्यभर ऐकलंय. तेव्हा या पोरींनी काय करायचं?

जिल्हाकोर्ट_पायरी, सकाळी ९:५०

काका बरोबर प्रश्न. लेखी अर्ज न्यायचा, दोन प्रतींत, एकीवर पोच म्हणजे शिक्का आणि तारीख घ्यायची. घेतलाच नाही तर तोच अर्ज पोस्टाने एसपींना, पुण्यात म्हणजे पोलीस आयुक्तालयात डीसीपींना, बीएनएसएसच्या १७३(४) खाली, आणि तरी काही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. आयुक्तालयातल्या भरोसा सेलमधून पण मदत होते, तिथे बायकाच असतात बहुतेक. आणि वेळ लावू नये याचं अजून एक कारण, कंपनीने फोटो काढून टाकला तरी त्याची माहिती तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायची असं त्या २०२१ च्या आयटी नियमांतच आहे, त्याच्या आत पोलिसांचं पत्र त्यांना गेलं पाहिजे.

नाव_नको_भाऊ, सकाळी ११:२०

विषय मुलीचा आहे पण वाचणाऱ्यांत माझ्यासारखे मुलगे असतील म्हणून लिहितो. मला मागच्या वर्षी अनोळखी व्हिडिओ कॉल आला, मी उचलला, पुढे जे झालं ते रेकॉर्ड करून पंधरा मिनिटांत माझ्या फ्रेंडलिस्टच्या स्क्रीनशॉटसकट पैसे मागायला लागले. मी आठ हजार दिले, मग परत मागितले वीस. तीन दिवस मी कंपनीत जाऊन शौचालयात बसून राहायचो. शेवटी बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, अजून एक रुपया जाणार नाही, आणि समोर बसून माझ्याकडून तक्रार टाइप करून घेतली. मी पैसे थांबवल्यावर त्यांनी दोघांना पाठवला तो व्हिडिओ, पाठवला हे खरं आहे, खोटा धीर देत नाही. त्यातल्या एका मित्राने फोन करून "तू ठीक आहेस ना" विचारलं, दुसऱ्याने विषय काढला नाही. मग ते गप्प झाले. मॅडमनी सांगितलेलं ७७ बाईसाठी आहे पण ६६ ई, ६७ अ आणि खंडणीचं कलम पुरुषालाही लागू होतं, तक्रार घेतात. ताई, बहिणीला सांगा तिला असा एखादा फोन नक्की येईल, ठीक आहेस ना विचारणारा.

धाकटीची_ताई, चार दिवसांनी, रात्री ११:१५

सगळ्यांना नमस्कार करते, नीट लिहायला आज बसतेय. त्या रात्री मी दाराजवळ गादी ओढून झोपले. पहाटे चारला ती उठली आणि मला म्हणाली ताई तो आकडा बनवायचं काय म्हणत होतीस ते करूया. दोघी पांघरुणात फोन घेऊन बसलो, तिने फोटो स्वतः निवडले, मला म्हणाली तू तिकडे बघ. मी तिकडे बघितलं. पिन तिने तिच्या फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलाय.

दुसऱ्या दिवशी पोर्टलवर तक्रार टाकून दुपारी स्टेशनला गेलो. काढलेच कशाला हे वाक्य आलंच, अगदी तेच शब्द, ती माझ्याकडे बघून हसली किंचित कारण आम्हाला आधीच माहीत होतं. महिला अधिकारी यायला अडीच तास लागले पण थांबलो. मॅडम बऱ्या होत्या, दार लावून घेतलं, पाणी दिलं, झोपेतल्या फोटोबद्दल विचारताना आवाज खाली केला. एफआयआर झालाय, ७७, ७८, धमकीचं कलम आणि ६६ ई, ६७ अ लावलंय. मुलाला बोलावून फोन ताब्यात घेतलाय असं काल कळलं.

इन्स्टाचं अकाउंट त्याच दिवशी गेलं. टेलिग्रामची पोस्ट तिसऱ्या दिवशी गेली, कलम नंबर घालून मेल टाकला होता. बाबांना सांगितलं. तिनेच सांगितलं, फोनवर, मी फक्त बाजूला होते. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले परीक्षा कधी आहे तुझी. नंतर आईने सांगितलं की फोन ठेवून अंगणात जाऊन बसले होते तासभर. मामांना सांगितलेलं नाही, ती नको म्हणाली.

एक अडलंय. फोटो अजून एका साइटवर सापडला, नाव टाकून शोधल्यावर आला. साइटवाले उत्तरच देत नाहीत. आणि एका कंपनीने नियमांत बसत नाही असं उत्तर पाठवलंय, त्याच फोटोबद्दल. आता काय?

सर्व्हररूम, रात्री ११:४०

बरं वाटलं ताई. ज्यांनी नाही म्हटलं त्यांचं उत्तर जपून ठेवा, त्यावर ३० दिवसांच्या आत जीएसीकडे अपील करता येतं, ग्रीव्हन्स अपिलेट कमिटी, केंद्र सरकारची, २०२३ पासून आहे, सगळं ऑनलाइन होतं, फी नाही. जी साइट उत्तर देत नाही ती लिंक तपास अधिकाऱ्यांना एफआयआर नंबर टाकून लेखी द्या, साइट ब्लॉक करायचं पत्र त्यांच्याकडून जाऊ शकतं, आणि गुगलला सर्चमधून काढायचा फॉर्म आजच भरा, त्यात त्याचसारखे बाकीचे रिझल्ट पण गाळायचा पर्याय असतो तो टिक करा. महिनाभर आठवड्यातून एकदा शोधा, रोज नको, आणि शोधायचं काम तुम्ही किंवा ती मैत्रीण करा, तिने नाही.

जिल्हाकोर्ट_पायरी, रात्री ११:५५

गुगल ऐकत नसेल तर हायकोर्टाचा रस्ता आहे. दिल्ली हायकोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितलंय की बाईला त्याच फोटोसाठी परत परत नवीन लिंका घेऊन दारात यायला लावू नका. पण तिथवर जायची वेळ येईल असं वाटत नाही. चार्जशीट कधी दाखल होते ते विचारत राहा, तपास अधिकाऱ्यांचा नंबर घेऊन ठेवा, दर पंधरा दिवसांनी एक फोन. परीक्षा कधी आहे तिची?

धाकटीची_ताई, रात्री १२:१०

सोळा तारखेला पहिला पेपर. त्याच वहीत अभ्यास चालू आहे.